अर्धी राहिलेली कादंबरी

धरणगावच्या आमच्या वाचनालयातून एक आबा नेहमी कादंबऱ्या न्यायचे. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. जेवणं झाली की बायको वाचून दाखवायची आणि ते ऐकायचे. ती वारल्यावर ते अर्धी राहिलेली कादंबरी परत करायला आले.

तीच कादंबरी माझ्या मोबाइलवर ऑडिओबुक म्हणून होती. मी माझा हेडफोन त्यांच्या कानांना लावला. टोपी मांडीवर ठेवून, डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन काढून म्हणाले, "हाई बाई चांगलं वाचस, पोरी. पन वाचता वाचता थांबीसन 'जागा शेतस ना, झोप तं नही लागनी?' असं इचारत नही."

आबांनी टेबलावरची कादंबरी उचलून छातीशी धरली.

"हाई पुस्तक घरी लई जाऊ का?"

मी होकार दिला. ते पुस्तक परत मागायला माझी जीभ अजून रेटत नाही.