फाटकवाल्या काकू

गाडी जात असेल तर फाटकवाल्या काकू बोलत नसत. वाक्य अर्धं सोडून थांबत, गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू. मुलुंडला आमची इमारत रुळांना लागून, त्यामुळे त्यांची साधी गोष्टही अर्धा तास चाले. मी हसले की म्हणत, “सवय गं पोरी. टेसनात गाडीपुढं कुणाचं ऐकू येतंय?”

ते ‘टेसन’ म्हणजे मराठवाड्यातल्या ज्वारीच्या रानात रेल्वेची पाच घरं, एक फाटक आणि दिवसातून दोनदा थांबणारी पॅसेंजर. काकूंचे यजमान तिथे फाटकवाले होते. ते गेल्यावर काकू आमच्या शेजारी लेकीकडे, वनिताकडे राहायला आल्या. भाकरी मात्र त्या स्वतःच थापत. पीठ हातात घेऊन वास घेत आणि दुकानदाराला नावं ठेवत.

एका दुपारी भाकरी थापता थापता त्यांनी मला पहिल्या मुलाचं सांगितलं. आठ महिन्यांचा होता. तापाने फणफणला. दवाखाना तालुक्याला आणि पॅसेंजर संध्याकाळी. मध्ये एक एक्स्प्रेस होती, पण ती तिथे थांबत नसे.

“ह्यांच्याजवळ लाल झेंडा होता,” काकू म्हणाल्या. “दाखवला असता तर थांबली असती. पण नोकरी गेली असती. हिरवाच धरला. मी लेकरू घेऊन बाजूलाच उभी.”

पॅसेंजर येईपर्यंत मूल गेलं होतं. घरांमागच्या कडुलिंबाखाली त्याला पुरलं.

“तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?”

“काय बोलू? तो माणूस महिनाभर जेवला नाही. मी बोलले असते तर मेलाच असता.”

गेल्या हिवाळ्यात काकूंनी हट्टच धरला, एकदा तिथे न्या. वनिता आणि मी त्यांना मोटारीने घेऊन गेलो. ज्वारी कणसांवर आली होती. घरं नव्हती, फाटक नव्हतं. लिंब होता तिथून रेल्वेचा दुसरा मार्ग गेला होता. काकू शेताच्या बांधावर बसल्या, खडीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “लेकरा, तुझे बाबा आले नाहीत रे. त्यांच्यावर राग धरू नको.”

वनिताने तोंड फिरवलं. बाबांच्या झेंड्याचं काकूंनी तिला त्या दिवशी येताना वाटेतच पहिल्यांदा सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर काकू गाढ झोपल्या. उन्हाळा लागायच्या आत गेल्या.

दहा-बारा दिवसांनी वनिता माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, “माझ्या भावाचं नाव काय होतं गं? तुला तरी बोलली होती आई?”

नव्हत्या बोलल्या. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.