शेवटचं पान आधी बघणारे कल्याणराव

आता हसू नका बाई, पण कावेरीला आधी वाटलं, कल्याणरावांना म्हातारचळ लागला! दोन हजार सातचं साल. चौसाळ्यात हायवेला कावेरीचं सायबर कॅफे. किराणावाले कल्याणराव रोज दुपारी यायचे, कोपऱ्यातलं मशीन धरायचे आणि पडदा पार ओढून घ्यायचे. एकदा तिनं पाणी द्यायचं निमित्त काढून डोकावलं. बघते तर काय, मराठी कादंबरी! तीही शेवटच्या पानावर. स्वतःच्याच डोक्यातल्या किड्याला ती खो खो हसली.

"काका, असं उलटं वाचतात का कुणी?"

"वाचतोय कुठं? निवडतोय."

त्यांच्या बायकोचं, महादेवीचं, बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालतं. डॉक्टरनं बजावलं होतं, महिनाभर रडायचं न्हाई. आणि ही बाई शेजारणीची शेळी मेली तरी पदर भिजवणार! वाचून दाखवल्याशिवाय तिचा दिवस सरत नव्हता. म्हणून कल्याणराव नेटवरची फुकटातली पुस्तकं एकेक उघडायचे, शेवट बघायचे, सगळी जितीजागती असली तरच पेनड्राइव्हवर डाउनलोड करायचे आणि घरच्या बिननेटच्या कम्प्युटरवर तिला वाचून दाखवायचे. तासाभरात एखादंच हाती लागायचं.

"लई बारीक दळता, काका." कावेरीला राहवलं नाही. तिनं दोन दिवस मशीन लावून नऊशे पुस्तकं एकदम ओढली, सीडीत भरली. "घ्या. आता हेलपाटेच न्हाई."

"नको. कोणतं रडवतंय ते सीडी सांगती का?"

"नऊशेत असंल एखादं रडकं! काहून इतकं भेता?"

"बरं, डोळे मिटून एक उघड. तूच वाच, मोठ्यानं."

म्हाताऱ्या गाढवाची गोष्ट निघाली. दोन पानं झकास. तिसऱ्या पानावर मालकानं ते बाजारात विकलं, चौथ्यावर ते लंगडत घरी परत आलं, आणि कावेरीचा आवाज घोगरा झाला.

"योगायोग हो," ती नाक ओढत म्हणाली. "दुसरं बघा."

दुसऱ्यात आई पोराच्या पत्राची वाट बघत होती. दीड पानातच कावेरीनं ओढणी डोळ्याला लावली.

"रडले न्हाई मी. पंख्यातली धूळ गेली."

"असंल. तिसरं उघडतीस?"

"न्हाई."

"मंग सरक. महादेवीचं कालचं पुस्तक आज संपतंय, मला दुसरं बघू दे."

कावेरीनं गुमान खुर्ची सोडली.