भरतीचा नियम

पाडव्याच्या आधीचा रविवार, सानपाड्यातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल. हजर तिघं: मी, माझी बायको आणि करंजाड्याहून आलेला माझा मित्र. रक्कम चार हजार सहाशे, परदेशातून मागवलेल्या दोन जाड इंग्रजी पुस्तकांची. निम्मे त्याचे, निम्मे माझे. सवयीप्रमाणे मी पहिल्या पानावर दोघांची नावं आणि वाटा लिहिला. तो म्हणाला, "सातबाऱ्यावर वारसही लाव आता." बायको हसत चहा ठेवायला गेली.

आम्ही जो खेळ खेळायचो, त्याच्या जन्माची ती पुस्तकं होती. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांमधून हा प्रकार निघाला. एकाने आपल्या मित्रांना गोष्टीतल्या किल्ल्याखालच्या तळघरात उतरवलं, दुसऱ्याने त्यावरून नियम लिहून काढले. पुढे खेळ कुणाचा, यावरून दोघं कोर्टात गेले.

आमच्याकडे गोष्ट मी सांगायचो. राक्षस आणि बर्फाचे डोंगर मला जमेनात, म्हणून मी खाडी घेतली. मिठागरं, बांध आणि पाण्याखाली गेलेलं एक गाव, जिथली मेलेली माणसं जिवंतांना मीठ विकतात. भरतीचा नियमही माझाच. प्रत्येक फेरीला एकाने फासा टाकायचा, तेवढं पाणी चढायचं. बेरीज तीसवर गेली की बांध बुडाले. वीस ठेवले तर लोक काही करायच्या आत बुडायचे, चाळीसला कुणी घाबरायचं नाही. तीसवर यायला मला पूर्ण पावसाळा लागला. मित्र समोर बसून ऐकता ऐकता लॅपटॉपवर टाइप करायचा. मला लिहायचा कंटाळा. माझ्या हातची एक ओळ कुठे नाही.

ती पुस्तकं आम्ही आळीपाळीने वाचली आणि वर्षभर भांडलो. तो तळघरवाल्याच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, ती जागा आधी एका माणसाच्या डोक्यात होती, ती नसती तर दुसऱ्याने लिहिलं काय असतं? मी त्याला पान काढून दाखवायचो. हे नियम बघ, हे तक्ते बघ, हे बसून कुणी केलं? "कल्पना कुणालाही सुचते," मी म्हणायचो. "ज्याने लिहिलं, त्याचा खेळ." हे मी इतक्यांदा म्हटलं की बायकोलाही पाठ झालं होतं. तो चिडून चप्पल घालायचा, आणि पुढच्या खेळाला वेळेवर हजर असायचा.

मग त्याची बदली झाली, आमचं बसणं थांबलं. यंदा त्याचा फोन आला: वाशीला एका हॉलमध्ये पुस्तकाचं प्रकाशन आहे, वहिनींना घेऊन ये, सरप्राइज आहे.

मुखपृष्ठावर खाडी होती. खाली त्याचं एकट्याचं नाव. आत बुडालेलं गाव, मीठ विकणारी माणसं, भरती, तीसचा आकडासुद्धा. शेवटच्या पानावर सानपाड्याच्या मित्रमंडळींचे आभार.

भाषणं संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि माझं नाव कुठे आहे, एवढंच विचारलं. तो ओशाळला असता तर बरं वाटलं असतं. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं बसून लिहिलंय मी. ज्याने लिहिलं त्याचा खेळ, हे कुणाचं म्हणणं?" मग जरा हळू, "इतर कुणाला नाही, पण तुला पटेल असं वाटलं होतं रे."

त्याला चेष्टा करायची नव्हती. माझ्याकडे उत्तर एकच होतं, त्याचं स्वतःचं, तळघराचं. ते मी वर्षभर खोडून काढलं होतं. बायको दंडाला धरून म्हणाली, "अहो, चला."

दाराशी त्याची बायको पुस्तकं विकत होती. भावोजी, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणून तिने प्रत माझ्या हातात ठेवली. मी छापील किंमत पाहिली, सातशे दिले आणि पन्नास परत येईपर्यंत उभा राहिलो. सहाशे पन्नास रुपये, रोख, त्याच्या बायकोला.