पूर्वेला सरकणाऱ्या पट्ट्या

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण मी भौतिकशास्त्रातला सापेक्षतेचा सिद्धांतच खोटा ठरवायला निघालो होतो. कुठून? धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून!

झालं असं, की माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली सुट्टीत भेटायला आली. मूळची नशिराबादची, आता मोठ्या संस्थेत लेसरवर काम करते. म्हणाली, "सर, दोन लेसर उपग्रहात ठेवायचेत. एक आयोडीनच्या वाफेला जुळवलेला, दुसरा काचेच्या ठोकळ्याला. दोघांचे घड्याळासारखे ठोके इतके पक्के, की उपग्रहाचा वेग आणि दिशा बदलताना ते तसूभर जरी हलले, तरी कळेल. हलले तर सापेक्षता चुकली!"

मला काय चढलं म्हणून सांगू! ती नशिराबादला परतली आणि मी कामाला लागलो. जुन्या खुर्चीचं फिरतं बूड, त्यावर ग्रॅनाइटची लादी, लादीवर लेसर, आरसे आणि पांढरा कागद. लेसरचा किरण दोन वाटांनी जाऊन परत एक झाला, की कागदावर काळ्या-तांबड्या पट्ट्या दिसतात. लादी फिरवायची. पट्ट्या सरकल्या, तर प्रकाशाचा वेग दिशेनुसार बदलतो, म्हणजे सापेक्षता चुकली!

फिरवली. उत्तरेला? काही नाही. पश्चिमेला? शांत. दक्षिणेला? ढिम्म. पूर्वेला... सरकल्या!

पुन्हा फिरवली. पूर्वेलाच सरकल्या! अकरा वेळा केलं. अकराही वेळा पूर्वेलाच! आता तुम्हीच सांगा, माणसानं गप्प बसावं?

वैशालीला फोन लावला. "सगळं सोडून ये! सापेक्षता कोसळली!"

"सर, ताटात भरीत आहे."

"भरीत रोज होतं गं!"

बिचारी ताट सारून एसटीत बसली. तोवर मी प्राचार्यांना सांगितलं, त्यांनी स्टाफरूमला सांगितलं. वैशाली पोचली तेव्हा प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्राचार्यांच्या हातात पेढ्यांचा खोका होता.

वैशालीनं लादी फिरवली, पूर्वेकडच्या कपाटाच्या आणि लादीच्या फटीत शिरून कागदाकडे पाहिलं. "सर, पूर्वेला काहीच होत नाहीये."

"नीट बघ!"

"नीटच बघतेय."

"सरक, मी दाखवतो!" मी त्या फटीत घुसलो, कागदावर वाकलो. "हे बघ! सरकल्या की नाही?"

खरंच सरकल्या! टाळ्या पडल्या. एकानं तर माझ्याबरोबर सेल्फीही काढला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई नाना आपल्या अहिराणीत म्हणाले, "सर, राग नका धरा. जवय तुम्हनं पोट लादीले टेकस, तवयच पट्टा सरकस."

सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटाकडे वळल्या.

मी श्वास आत ओढला, पोट मागे घेतलं. पट्ट्या जागेवर. श्वास सोडला. सरकल्या. पुन्हा आत. जागेवर! बाकी तिन्ही बाजूंना मोकळी जागा होती हो, फक्त पूर्वेलाच कपाट आडवं येत होतं. अकरा वेळा मोजला होता तो प्रकाशाचा वेग नव्हताच, माझ्याच पोटाचा भार होता!

विषय बदलायला मी घसा खाकरला. "बरं वैशाली, तुमच्या उपग्रहात ही असली अडचण कशी टाळणार?"

तिनं ओठ दाबले, तरी हसू बाहेर आलंच. "सर, तिथं कुणाला वजनच नसतं."

मग काय, सगळी खोली खदाखदा हसायला लागली. प्राचार्य खोक्याकडे बघत म्हणाले, "आता हे पेढे कशाचे म्हणायचे?"

"सापेक्षता पास झाली, त्याचे!" वैशाली म्हणाली.

तेही खरंच होतं. म्हटलं, चला, निदान तोंड तरी गोड करू. मी हात पुढे केला, तर नानांनी खोका अलगद उचलून पाठीमागे लपवला.

"बठ्ठास्ले देस मी," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. "तुम्ही मात्र नका खावा, सर!"