काखेतली गाठ आणि विलायतेची आगबोट

"हात वर कर गं, अजून थोडा," मी म्हटलं, आणि डॉक्टरबाईंची बोटं त्या मुलीच्या डाव्या काखेत थांबली.

थांबली म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच ठाऊक. बोटं सरकत राहिली तर माणूस बोटीवर. थांबली तर घरी, नाहीतर प्लेगच्या इस्पितळात.

हल्ली विलायतेला शिकायला जायचं तर पासपोर्ट लागतो, फोटो लागतो, असं माझा नातू सांगतो. आमच्या वेळी, म्हणजे मुंबईत प्लेग शिरला तेव्हा, कागदांचं एवढं कौतुक नव्हतं. तेव्हा काख बघायचे. प्लेग झाला की काखेत, जांघेत नाहीतर मानेला गाठ येते. ती नाही, ताप नाही, असा डॉक्टरांचा पास मिळाला तरच आगबोटीच्या शिडीवर पाय. मग तुम्ही लाटसाहेबाचे जावई असा की आणखी कोणी!

गोदीतल्या शेडमध्ये बायकांसाठी पडदा लावलेला असे. तिथे माझी ड्यूटी. मी शाळेत गेलेली नाही. बाळंतपणं करता करता इस्पितळात शिरले आणि औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. डॉक्टरबाई पारशी, मनाने फार चांगल्या. "पोलकं काढा" असं त्या कुणाला सांगत नसत. आधी त्यावरून फार बोंबाबोंब झाली होती. वरच्या दोन गुंड्या सोडायच्या, आतून हात घालून चाचपायचं, आटपलं.

तर ही मुलगी. मथू. ठाकूरद्वारच्या एका मास्तरांची. वय लग्नाचं उलटून गेलेलं, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या हिशेबाने. डॉक्टरी शिकायला निघाली होती. शिष्यवृत्ती मिळालेली, शाळेतल्या एका मडमेची सोबत ठरलेली. तिकडचं कॉलेज सुरू व्हायच्या आत पोचली नाही तर शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला जाणार. ही आगबोट चुकली की सगळंच चुकलं.

"गाठ तर आहे, यमुनाबाई," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पण पोरगी आजारी नाय दिसत."

मलाही तेच कोडं. थर्मामीटर लावला. (परक्याच्या तोंडातली नळी आमच्या बायका तोंडात घेत नसत, म्हणून तोही काखेतच.) ताप नाही. जीभ स्वच्छ, डोळे निवळशंख. प्लेगची गाठ अशी ठणकते की माणूस हात अंगापासून लांब धरतो, बोट लावू देत नाही. हिने नुसतं "स्स" केलं. आणि मी तिला शेडबाहेर दोन बेसनाचे लाडू खाताना पाहिलं होतं. प्लेगवाल्याला कुठली लाडवाची वासना?

"हाताला काही लागलंय? फोड, खरचटणं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बाही वर करून बघू."

विलायती कापाची घट्ट बाही होती. कोपरापर्यंत गेली आणि अडली. कोपराखाली हात साफ. मथू खाली बघत राहिली. मला वाटलं, ही काहीतरी सांगायचं गिळतेय. पण काय?

बाईंनी उसासा टाकला आणि पडद्याबाहेर गेल्या. बाहेर मास्तर उभे, डोक्याला पगडी, हातात छत्री. शेजारी मथूची आई.

"मास्तर, ताप नाय म्हणून मी इस्पितळात धाडत नाय," बाई म्हणाल्या. "पण गाठ आहे. मी पास देऊ शकत नाय. घरी न्या, नजर ठेवा."

"अहो, पण बोट!"

"बोट जाणार, मास्तर. बोटीवर बाकीची पण माणसं आहेत ना?"

मास्तर तिकीट काढून दाखवू लागले. आईने मात्र हात जोडले आणि पुटपुटली, "पावलीस गं बाई." मी जवळच होते, मला ऐकू आलं. म्हटलं, कोण पावली?

"देवीला बोलले होते," ती कुजबुजली. "माझी पोर परत फिरव, तुझी ओटी भरीन. एवढ्या लांब कोण पाठवतं हो पोरीला? चल गं मथे, गाडीवाला उभा आहे."

मथू निघाली. रडली नाही. उजव्या हाताने डावा दंड धरला होता, नुसता.

आईची नजर त्या दंडावर गेली. ती जागीच थांबली.

"गाठ कुठल्या काखेत आहे?" तिने मला विचारलं.

"डाव्या."

तिने मथूकडे पाहिलं. मथूने मान हलवली. नाही म्हणून. मला काही उमगेना. गाठ तर डावीकडेच होती, ही नाही कशाला म्हणते? आई तशीच उभी. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग आगबोटीचा भोंगा झाला.

"बाईसाहेब!" ती एकदम ओरडली. "दंड बघा तिचा! बाही फाडा, पण बघा!"

"आई, नको. शपथ घातलीस ना तू?"

"घातली मी, मोडतेय मी. तुला काय करायचंय?"

बाईंनी कात्रीने बाही उसवली. दंडावर गोंदलेली तुळस होती, ताजी. भोवती लाल, आणि एका फांदीवर पू धरलेला. सुई कुठली तरी कळकट, त्यावर घट्ट बाहीचं घासणं. हातावर असं काही चिघळलं की त्याच बाजूच्या काखेत गाठ येते, हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं. प्लेगबिग काही नाही. बाई हसायलाच लागल्या.

मास्तर हसले नाहीत. ते गोंदण्याविरुद्ध व्याख्यानं द्यायचे. "हे... आपल्या घरात? कधी?"

"तुम्ही शाळेत गेला होतात तेव्हा," आई म्हणाली. "दंडावर गोंदवलं, तुम्हाला दिसू नये म्हणून."

"अहो, पण कशासाठी?"

"परमुलखात तिचं काही बरंवाईट झालं तर? अंगावरचं सोनं लोक काढून घेतात. गोंदलेलं तेवढं बरोबर जातं. आपलं म्हणून काहीतरी नको तिच्याबरोबर?"

मास्तर पगडी सारखी करत राहिले. ती काही वाकडी झालेली नव्हती. मग म्हणाले, "माझ्या दंडावरही आहे. मारुती. माझ्या आईने काढवला होता."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "इतकी वर्षं संसार करतेय."

मी कार्बोलिकच्या पाण्याने जखम धुतली, पट्टी बांधली, उसवलेली बाही टाचणीने जोडली. बाईंनी पासवर सही केली. मथू आईच्या पाया पडली, मग गळ्यातच पडली. शेवटी मीच ओढून काढली तिला. शिडी उचलायला आले होते.

बोट लांब गेल्यावर आई मला म्हणाली, "देवीला आता काय सांगू हो?"

"सांगा, नवस उलटा फिरवलाय. जाऊन परत येऊ दे म्हणावं."

आली परत. डॉक्टर होऊन आली, आणि पुढे परळच्या एका दवाखान्यात मी तिच्या हाताखाली काम केलं. तुळशीची ती एक फांदी पुसून गेली होती.

माझ्यापुरतं म्हणाल तर तेव्हापासून काखेत गाठ लागली की मी हात खांद्यापर्यंत उघडा करून बघायची. आणि "काही लागलंय का" असं विचारायचं सोडून दिलं. "निघताना आईने काय काय केलं" असं विचारायची. बायका भडाभडा सांगायच्या.