तळ्याच्या कायद्यानं घेतलेले शेअर

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला मामांच्या घरावर स्लॅब नव्हता. भिंती होत्या, चौकटी होत्या, खांबांतून सळ्या वर निघालेल्या होत्या, आणि छताच्या जागी अख्खं आभाळ होतं. त्या आभाळाखाली दर रविवारी दुपारी आम्ही चौघं एका सॅटेलाईट फोन कंपनीचं भवितव्य ठरवायचो. त्या काळात मुंबईच्या शेअर बाजारात जी उलथापालथ झाली तिच्यातली अर्धी आम्हीच घडवली, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, उरलेली अर्धी घडवली असती तर देशच बुडाला असता.

चौघं म्हणजे मी, तांदळाचा दलाल; ज्याच्या गिरणीचा तांदूळ मी विकतो तो सेठ; शाळेतून निवृत्त झालेले मास्तर; आणि मामा. मामा चोरखमारा गावची शेती मुलांवर सोडून गोंदियात आले ते मामीच्या गुडघ्यांपायी, दवाखाना जवळ पडावा म्हणून. घर होईपर्यंत भाड्याची खोली घेतली, ती मिळाली दुसऱ्या माळ्यावर. मामी एकदा चढली ती चढलीच. जिना उतरणं तिला जमेना. स्लॅबचे पैसे मामांनी शेअरमध्ये घातले होते. दुप्पट झाले की स्लॅब, असा बेत.

ही कंपनी मास्तरांनी शोधली. टॉवर नसला तरी लागणारा फोन! मामा तिथंच विरघळले. चोरखमाऱ्याला रेंज पाहिजे तर तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढावं लागे. माझ्या एका मावसभावानं तर पाळीवरच्या झाडावर चढून पोरीचं लग्न जमवलं. तिकडून होकार आला आणि आनंदात याचा हात सुटला. लग्नात कन्यादान खाटेवरून केलं.

चौघांचे शेअर मास्तरांच्या खात्यावर घेतले, आणि कायदा मामांनी घातला. त्यांचे आजे-पणजे तळी बांधणारे. "कमी पाण्याच्या साली एकट्याची बांधी भिजवाची नाई," ते म्हणाले. "पाणी सोडलं तं सगळ्यायसाठी, नाई तं कोणाचसाठी नाई. हे शेअरबी तसेच." आम्ही माना डोलावल्या. धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, कायदा शेअरला लावणारी माणसं पृथ्वीवर आम्हीच असू.

भाव आधी चढला. मामा पायानं खोल्या मोजत फिरायचे. मग घसरायला लागला.

"कर्ज वाढून राहिलं, ग्राहक घटून राहिले," मास्तर म्हणाले.

"अरे मास्टरजी, सैटेलाइट तो ऊपर घूम रहे हैं ना? उनको जंग थोड़े ही लगता है!"

"त्यांचंही वय असतं, सेठ. नवे सोडायला पैसा कुठाय?"

"सरकारी ठेका आने वाला है."

"वर्षभर येऊनच राहिला. बैलगाडीनं निघाला काय?"

मग एका रविवारी मास्तरांनी वार्षिक अहवालातली बारीक अक्षरातली ओळ वाचली. हिशेब तपासणाऱ्यानं लिहिलं होतं की कंपनी यापुढे चालू राहील याबद्दल मोठी शंका आहे. गोंदिया स्टेशनातून हावड्याकडे निघालेली मालगाडीसुद्धा तेव्हा जागेवर थांबली असेल.

मी म्हटलं, "मामाजी, तुमचे तेवढे काढून घेऊ. अजून स्लॅबपुरते येतात."

"हाँ मामाजी, आप निकाल लो. हम बैठे हैं," सेठ म्हणाला. सोमवारची ऑर्डर टाकायला मास्तरांनी मोबाईल हातात घेतलासुद्धा.

"नाई," मामा म्हणाले.

"काऊन?"

"कायदा मीच सांगतलो. आता माझीच बांधी भिजवू? काढाचे तं सगळ्यायचे काढा."

"इतने नीचे मैं नहीं बेचूँगा," सेठ म्हणाला.

"तं मंग माझेबी राहू द्या."

मी ओरडलो, इतका की शेजारच्या प्लॉटवरचा गवंडी खाली उतरला. "मामाजी, हे तळं नाही! उद्या यात चिखलसुद्धा उरणार नाही! मामी किती दिवस वर बसंल?"

"तुही मामी तळ्याच्या गावची हाये बापू. तिले समजते."

मामीला कोणी विचारलं नव्हतं.

पुढं कंपनीनं मातीमोल भावात नवे शेअर काढले, आमचे आणखी पातळ झाले. शेवटी कर्ज देणारे कोर्टात गेले. त्या दिवशी सेठ गिरणी सोडून धावत आला. "बेच दो! सब बेच दो!" चौघांचे हात वर गेले. एवढ्या रविवारांत पहिल्यांदा एकमत झालं. मास्तरांनी विकायला लावले. घेणारा एक नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. काही दिवसांनी तो शेअर विकणं-घेणंच बंद झालं. वरचे सॅटेलाईट आता बँकांचे आहेत म्हणे.

मी मामीकडे गेलो. ती खिडकीशी खुर्चीत बसून खालचे ऑटो बघत होती.

"स्लॅब कधी पडते, बापू?"

मी गोंदियाच्या बाजारात कणीचा बासमती करून विकलेला माणूस. मला एक थाप सुचली नाही.

मग तीच म्हणाली, "येशील तवा या खिडकीले एक पडदा आणजो. दुपारचं ऊन लय येते."