वीज गेलेल्या तारेत

वैशाखातल्या त्या दुपारी पिकल्या करवंदांचा आंबटगोड वास आणि तापल्या मातीचा कोरडा वास एकमेकांत मिसळून खिडकीतून आत येत होता, आणि बाबांच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र संथ गुरगुरत होतं. ठाण्याकडच्या खडीच्या खाणीत उमेदीची वर्षं काढताना छातीत साठलेली धूळ आता त्यांना श्वास घेऊ देत नव्हती. यंत्राची नळी नाकाला लावूनच त्यांचे दिवस चालले होते. मग सूर्यमाळच्या डोंगरावरून वावटळ उठली, पत्रे खडखडले, आणि वीज गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ साथ दिली, मग तोही दमला. यंत्र थांबल्यावर घरात उरला तो फक्त बाबांच्या छातीतला घरघराट.

वायरमनला फोन लावला. "बाई, खालच्या वळणावर तारांवर झाड पडलंय," तो म्हणाला. "परयत्न चाललाय, पण आज जमंल असं वाटत नाय."

मी इथल्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. वीजघरातून निघालेला इलेक्ट्रॉन आपल्या घरापर्यंत कधीच येत नाही, हे मुलांना सांगताना मला नेहमी मौज वाटायची. आपल्या दिव्याचे इलेक्ट्रॉन आपल्याच तारेत, तांब्याच्या अणूंच्या दाटीत, आधीपासून असतात. दिवा जळत असताना जागच्या जागी पुढेमागे थरथरतात, इतकं किंचित, की डोळ्यांना कधी दिसू नये. दूरवरून वेगानं येऊन पोचतो तो फक्त रेटा. आणि वीज गेली तरी ते निजत नाहीत; अणूंवर आदळत, दिशा बदलत, बेभान धावतच राहतात, फक्त त्या धावण्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्या दुपारी मला हे सारं ठाऊक होतं आणि त्यातलं काहीही माझ्या उपयोगाचं नव्हतं. मी खिडकी उघडत होते, हातपंख्यानं वारा घालत होते, बटण दाबून पाहत होते, पुन्हा अंगणात जाऊन खांबाकडे बघत होते. बाबांच्या ओठांवर जांभळी छटा चढू लागली होती.

"लायट कवा येल गं पोरी?" त्यांनी तुटत तुटत विचारलं.

"येईल बाबा. आत्ता येईल."

शेवटी शेजारच्या रघुनाथकाकांनी आपली जीप दाराशी लावली. पाड्यातल्या चौघांनी बाबांना गोधडीत उचललं. मोखाड्याच्या दवाखान्यात सिलिंडर होतं. तिथपर्यंतचा रस्ता मात्र बाबांना स्वतःच्या श्वासावर काढायचा होता. सागाच्या निष्पर्ण फांद्यांमधून उन्हं कलत होती, प्रत्येक खड्ड्यागणिक त्यांचं डोकं माझ्या मांडीवर हिंदकळत होतं, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढतंय की तो माझाच भास आहे, हे मला कळेनासं झालं होतं.

निम्म्या वाटेवर, रस्त्याकडेच्या एका घराच्या ओटीवर बल्ब पेटलेला दिसला. काकांनी करकचून ब्रेक लावला. "बाई, लायट आली! मागं वळू का?"

यंत्र मागे होतं, सिलिंडर पुढे, आणि दोन्ही सारखेच दूर. मी एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. तेव्हा बाबांनी आपल्या मनगटावर ठेवलेला माझा हात दाबला आणि हनुवटीनं पुढची वाट दाखवली. आम्ही पुढे गेलो.

दवाखान्यात प्राणवायूचा मास्क चढवल्यावर कितीतरी वेळानं ओठांचा रंग पालटला. दोन दिवसांनी डॉक्टर खाटेजवळ आले. तरुण, थकलेले. "फुप्फुसं आता सुधारणार नाहीत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घरी नेता येईल, पण यंत्र क्षणभरही बंद पडता कामा नये. घरी वीज नियमित असते ना?"

मी तोंड उघडलं, तोच बाबांनी मास्क बाजूला सारला. "असते की, सायेब. कायम असते."

आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं, त्या नजरेत भीती नव्हती, केवळ अंगणाची, आपल्या खाटेची, आपल्या डोंगराची ओढ होती. परवा दुपारभर मी त्यांच्या श्वासासाठी धावले होते. ते स्वतः कुठे जाऊ पाहताहेत, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"असते," मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटले.